काटा मधोमध

सोमवार, ३ फेब्रुवारी

आज भर रस्त्यात गाडीने मान टाकली. पिंटीला तपासणीला नेऊन परत येत होतो. व्याही चालवत होते, मी शेजारी, पिंटी मागे पाठीला दोन उशा लावून. चढ लागला तशी मी सहज समोर पाहिलं, तर तापमानाचा काटा लाल पट्टीला टेकलेला. म्हटलं, "अहो, तो काटा एवढा वर असतो का?"

"कुठला काटा?"

"तापमानाचा. लाल झालाय."

"नव्या माणसाला सगळंच लाल दिसतं, विहीणबाई," म्हणून ते हसले. हसू संपायच्या आत बॉनेटच्या फटीतून वाफ.

उतरल्या उतरल्या रेडिएटरचं झाकण उघडायला निघाले. मी अशी काही ओरडले की समोरच्या चपलांच्या दुकानातली गिऱ्हाइकं बाहेर आली. माझा उभा जन्म कॉलेजच्या प्रयोगशाळेत साहाय्यक म्हणून गेला. दाबाखालचं उकळतं पाणी काय करतं, ते मला कोणी सांगायला नको. दुकानदाराने पिंटीला आतल्या स्टुलावर बसवलं. गाडी पुरती निवल्यावर पाणी घातलं आणि थांबत थांबत घरी आलो.

काळजी गाडीची नाही. पिंटीचे दिवस भरत आलेत. जावई कंपनीच्या कामासाठी परगावी, महिनाअखेरपर्यंत सुटका नाही. पिंटीला डॉक्टरांनी गाडी चालवायला बंदी केली आहे. या टेकाडावर टॅक्सी बोलवावी तर 'येतो, येतो' म्हणतात आणि रद्द करतात. हॉस्पिटल गावाच्या दुसऱ्या टोकाला. वेळ आली की व्याही आणि ही गाडी, एवढाच आधार. व्याही औषधं विकत गावोगाव फिरलेले, सगळं आयुष्य स्टिअरिंगमागे. म्हणतात, "डोळे मिटून नेईन."

यांचा फोन आला होता. साखरेचा डबा कुठे आहे विचारत होते. जिथे लग्नापासून आहे तिथेच आहे.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

सकाळी चौकातल्या मेकॅनिककडे गेलो. चांगला माणूस, पण त्याच्या दारात गाड्यांची रांग. चालू इंजिनाजवळ हात धरला, मग रेडिएटरला लावला आणि मला म्हणाला, "काकू, तुम्ही पण लावा." इंजिन धगधगत होतं आणि रेडिएटर चक्क गार. वरचा जाड रबरी पाइप सुद्धा गार.

"म्हणजे तापलेलं पाणी निवायला जातच नाहीये," मी म्हटलं.

"बरोबर. मधे थर्मोस्टॅट असतो. इंजिन तापलं की उघडतो आणि पाणी रेडिएटरकडे सोडतो. तुमचा बंदच बसलाय. दोन बोल्टचं काम आहे, पण माझ्याकडे नंबर पुढच्या आठवड्यात. गाडी ठेवून जा."

गाडी ठेवून कशी जाणार? व्याहींनी छाती पुढे काढली. "दोन बोल्ट ना? आम्ही करू."

'आम्ही' म्हणजे कोण, हे मला तेव्हाच विचारायला हवं होतं.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

व्याही काल एकटेच जाऊन थर्मोस्टॅट घेऊन आले. मोठ्या दिमाखात टेबलावर ठेवला. आज पिंटीने गाडीच्या माहितीपुस्तकाशी ताडून पाहिला, तर दुसऱ्याच गाडीचा! खोक्यावर ठसठशीत अक्षरात लिहिलंय. एवढंही वाचू नये माणसाने? दुकानदाराने दिलं ते खिशात घातलं आणि त्याच्याशी क्रिकेटच्या गप्पा मारत बसले असणार. व्याही म्हणाले, "चष्मा घरी राहिला होता." त्यांचा चष्मा नेहमी कुठेतरी राहिलेलाच असतो. वर असले की खाली, खाली असले की वर.

पिंटी म्हणाली, "आई, बाबांना बोलू नकोस हं. सासूबाई गेल्यापासून ते जरा हरवल्यासारखे असतात."

हरवल्यासारखे! सकाळपासून माझ्यावर हुकूम सोडतायत. पेपर मोठ्याने वाचा विहीणबाई, तुमचा आवाज छान आहे. फोन लावून द्या विहीणबाई. राजेशाही थाट आहे नुसता. आमचे हे बरे म्हणायचे. आज त्यांनी गॅसची शेगडी कशी पुसायची ते विचारायला फोन केला. रोज कशाला करतात देव जाणे.

दुपारी मीच जाऊन बरोबर थर्मोस्टॅट आणला, सोबत नवा गॅस्केट, म्हणजे झाकणाखाली बसते ती चकती, आणि रेडिएटरच्या पाण्यात घालायच्या कूलंटचा डबा.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

आज गाडी उघडली. इंजिन रात्रभराचं थंड. खाली जुना टब सरकवून कूलंट सोडला. हिरवट, गोडसर वासाचा आणि पक्का विषारी. इथली मांजरं सगळ्यात तोंड घालतात म्हणून लगेच डब्यात भरून झाकण घट्ट लावलं. डबा मेकॅनिककडे देईन.

व्याही शेजारी खुर्ची टाकून बसले. काम सगळं माझ्याकडे, मार्गदर्शन त्यांचं. "पाइपाची पट्टी सैल करा. आता पाइप जरा पिळून ओढा. हं." वाटलं म्हणावं, तुमचे हात काय मोडलेत? पण गंमत अशी की सांगतात ते बरोबर असतं. एक बोल्ट निघता निघेना. मी पाना लावून लोंबकळत होते तर म्हणाले, "थांबा, तो आत्ता कुरकुरला. आता जोर लावलात तर तुटेल. जरा तेल सोडा आणि चहा पिऊन या." चहा पिऊन आल्यावर तो लोण्यासारखा फिरला. बोल्टचं कुरकुरणं मला ऐकूही आलं नव्हतं.

झाकणाखाली थर्मोस्टॅट बसलेला, भोवऱ्याएवढा, गंजून तांबडा झालेला. मला उगाच आनंद झाला. किती दिवसांनी प्रयोग! आत शेगडीवर एका रिकाम्या पत्र्याच्या डब्यात पाणी उकळायला ठेवलं आणि जुना आणि नवा दोन्ही दोऱ्याला बांधून आत सोडले. यात मेण असतं, तापलं की फुगतं आणि झडपेला ढकलतं. पाणी उकळायच्या जरा आधी नव्याने हळूच तोंड उघडलं, पाखराच्या पिल्लासारखं. जुना ढिम्म. पाणी खळखळ उकळलं तरी हूं की चूं नाही.

पिंटी टाळ्या वाजवायला लागली. मी व्याहींना म्हटलं, "पाहिलंत?"

"पाहिलं की," ते म्हणाले. ते खिडकीकडे तोंड करून बसले होते. माझ्या प्रयोगाची एवढी किंमत!

रविवार, ९ फेब्रुवारी

हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय.

सकाळी झाकणाच्या कडेला चिकटलेला जुना गॅस्केट खरवडून काढला. बाथरूमच्या फरशा घासतात त्या चिकाटीने. नवा थर्मोस्टॅट बसवला. स्प्रिंग इंजिनाकडे आणि बारीक भोक वर, मेकॅनिकने बजावलं होतं तसं. बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे आवळले. पाइप चढवला, कूलंट भरला, गाडी चालू केली. मी हात पुसत ऐटीत उभी. आणि काटा चढला. मधे थांबायचं नावच नाही. सरळ वर.

मी किल्ली फिरवून गाडी बंद केली आणि पायरीवर बसले. डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला लिहू. आपण काचेची भांडी धुणारी बाई, कुठे इंजिनात हात घातला? उद्या पिंटीला कळा सुरू झाल्या तर हिला काय पाठीवर घेऊन जाऊ?

व्याही येऊन शेजारी बसले. हातात चहाचा कप. माझ्यासाठी आणला होता, अर्धा बशीत सांडलेला. म्हणाले, "विहीणबाई, माझी बायको म्हणायची, स्वयंपाक बिघडला की त्याच्याकडे जरा वेळ बघू नये. तोंड फिरवून बसावं, तोच लाजतो."

हसू आलं. ते पुढे म्हणाले, "चालू असताना आतून गुडगुड आवाज येत होता. बाळाच्या पोटात वारा धरल्यासारखा. तुम्हाला नाही आला?"

मला नव्हता आला. पण गुडगुड म्हटल्यावर डोक्यात प्रकाश पडला. हवा! भरताना आत हवा अडकली असणार. नळीत बुडबुडा अडला की पाणी पुढे सरकत नाही, हे मी मुलांना हजारदा सांगितलंय.

आता गाडी तापलेली आहे. उद्या.

सोमवार, १० फेब्रुवारी

झालं!!

गाडी चढाकडे तोंड करून लावली, म्हणजे रेडिएटरचं तोंड सगळ्यात उंच. इंजिन थंड असतानाच झाकण काढलं, मग चालू केलं आणि आतला हीटर पूर्ण सोडला. व्याही उघड्या बॉनेटपाशी कान देऊन उभे. बाहेर ऊन, गाडीत भट्टी, पिंटी गॅलरीतून हसतेय. वाट पाहिली. मग एक ढेकर आला. अगदी जेवून तृप्त झालेल्या माणसाचा. पाठोपाठ दुसरा. बुडबुडे आले, पातळी खाली गेली, मी कूलंट घातला. पुन्हा ढेकर, पुन्हा कूलंट.

"आता गुडगुड थांबली," व्याही म्हणाले. मी काट्याकडे पाहिलं. वर आला, मधोमध आला आणि तिथेच थांबला. वरच्या पाइपाला हात लावला तर गरम. पाणी वाहतंय! झाकण घट्ट बसवलं. बराच वेळ गाडी तशीच चालू ठेवली, काटा तसूभर हलला नाही.

व्याहींनी माझ्याशी हात मिळवायला हात पुढे केला, तो माझ्या कोपरापाशी आला. आनंदात माणसाला भान राहत नाही.

संध्याकाळी यांना फोन करून सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तू अजून किती दिवस राहणार आहेस तिथे?" आता हे काय विचारणं झालं?

बुधवार, १२ फेब्रुवारी

नीट लिहायला हवं.

गाडी रस्त्यावर पारखून घ्यायला आज मी आणि व्याही हॉस्पिटलपर्यंत निघालो. पिंटी घरीच. व्याही म्हणाले, "तुम्ही सिग्नल सांगा आणि काट्यावर लक्ष ठेवा. मी गाडीचा आवाज ऐकतो." मला वाटलं, कामाची वाटणी. मी सांगत होते, लाल, हिरवा, पुढे रिक्षा, डावीकडे बस. चढ आला. काटा मधोमध. मला एवढं भारी वाटत होतं की गुणगुणायला लागले.

शाळेपाशी एक बाई मुलाचा हात धरून रस्ता ओलांडत होत्या. मी काही बोलले नाही. कशाला बोलेन, समोर होत्या की! गाडी हळू होईना. मी किंचाळले, "अहो!" तेव्हा ब्रेक लागला. बाईंच्या पदरापासून हातभर अंतर राहिलं असेल. त्या काहीतरी बोलल्या आणि मुलाला ओढत गेल्या. बोलल्या ते योग्यच होतं.

व्याहींनी गाडी कडेला घेतली. त्याआधी मला विचारलं, "डावीकडे मोकळं आहे ना?" इंजिन बंद केलं. कितीतरी वेळ दोन्ही हात स्टिअरिंगवर.

"मला त्या दिसल्या नाहीत," ते म्हणाले.

"तुमचं लक्ष..."

"लक्ष होतं. दिसल्या नाहीत. विहीणबाई, मला दिसत नाही. डाव्याने नुसता उजेड. उजव्याने दुधाच्या पिशवीतून बघावं तसं. मोतीबिंदू आहे. डॉक्टर कधीचे ऑपरेशन करा म्हणतायत."

मी संतापले. लेकीच्या सासऱ्याशी असं बोलावं का, याचा विचार सुद्धा केला नाही. "तुमच्या मागे माझी मुलगी बसली होती. पोटात तुमचं नातवंड. लाज कशी वाटली नाही तुम्हाला?"

"वाटत होती की. रोज वाटत होती." मग हळू म्हणाले, "मुलगा म्हणतो, बाबा आहेत, गाडीची चिंता नाही. सून म्हणते, बाबा आहेत. बायको गेल्यावर या घरात माझं काम काय, तर एवढंच. तेही गेलं की मी नुसता खुर्चीत ठेवलेला माणूस. आणि ऑपरेशनची भीती वाटते, तेही खरं. डोळ्याला हात लावतात हो."

माझा राग तसाच होता, पण त्याच्यासोबत दुसरंही काही यायला लागलं. चष्मा, पेपर, खोकं, बशीतला चहा. मी रोज शेजारी बसत होते, रोज त्यांना नावं ठेवत होते.

त्यांनी किल्ली काढून माझ्यापुढे धरली. "सून म्हणत होती, तुमच्याकडे लायसन्स आहे."

आहे. कपाटात साडीच्या घडीत ठेवायचं, दर वेळी नवं करून आणायचं, आणि गाडी मात्र नेहमी यांनी चालवायची. मी म्हटलं, "मला जमणार नाही."

"इंजिन उघडता येतं, आणि चालवता येणार नाही?"

जागा बदलल्या. पहिल्या गिअरमध्येच निम्मा रस्ता कापला. मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवून माझा उद्धार केला. व्याही शेजारी बसून कानांनी सांगत होते, "आता इंजिन ओरडतंय, गिअर बदला. आता बरं वाटलं त्याला." घरी पोचलो. गाडी फाटकाला तिरकी लावली आणि तशीच सोडून आले.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

व्याहींनी स्वतःच पिंटीला सांगितलं, माझ्यादेखत. ती रडली, मग चिडली, मग पोटावर हात ठेवून म्हणाली, "बाबा, याला तुमच्याशी खेळायचंय. डोळे नीट करून घ्या." ऑपरेशनची तारीख बाळंतपणानंतरची घेतली. फोन तिनेच लावला. व्याही लहान मुलासारखे मान खाली घालून होते, पण रात्री चक्क दुसऱ्यांदा भात मागितला. ओझं उतरलं की भूक लागते.

शनिवार, १५ फेब्रुवारी

रोज सकाळी सराव. घर ते हॉस्पिटल, हॉस्पिटल ते घर. आज चढावर गाडी थांबवून पुन्हा उचलली, मागे न घसरता! भाजीवाला आता मला पाहिलं की हातगाडी आत ओढतो आणि वर हसतो. हसू दे. व्याहींना मी रस्ता वर्णन करून सांगते आणि ते मला इंजिन वर्णन करून सांगतात. आम्हा दोघांचा मिळून एक बरा ड्रायव्हर होतो.

काल यांना फोन करायचा राहूनच गेला. त्यांनीच केला. विचारायला काही सापडेना, तर म्हणाले, "इकडे पाऊस नाही." फेब्रुवारीत कुठून येणार पाऊस?

मंगळवार, १८ फेब्रुवारी

हॉस्पिटलच्या बाकावर बसून लिहितेय. दुपारी जेवण उरकतंय तोच पिंटी म्हणाली, "आई, निघूया." आवाजावरूनच कळलं. व्याहींनी पिशवी उचलली, दाराच्या चौकटीला आपटले, सॉरी म्हणाले. चौकटीला!

मी चालवली. भर दुपारची गर्दी, पुढे सिमेंटचा ट्रक, गाड्या मुंगीच्या पावलांनी चाललेल्या. जुना थर्मोस्टॅट असता तर इथेच वाफ निघाली असती. मागे पिंटी कण्हली की माझी मान मागे वळायची. व्याही मागे तिचा हात धरून बसले होते. "दाब बेटा, मोडला तरी चालेल. विहीणबाई, तुम्ही मागे बघू नका, गाडी छान बोलतेय." मी काट्याकडे एकदाच पाहिलं, मग पाहायची गरजच वाटली नाही.

पिंटीला आत घेऊन तास होत आला. व्याही माझ्या शेजारी बसलेत. मी काय लिहितेय विचारतायत. म्हटलं, तुमची निंदा. म्हणाले, "मोठ्याने वाचा, तुमचा आवाज छान आहे."

बुधवार, १९ फेब्रुवारी

मुलगी झाली. काल संध्याकाळी. दोघी सुखरूप. नर्सने व्याहींच्या हातात दिली तेव्हा त्यांनी तिला आधी कानाशी नेलं, श्वास ऐकला, आणि म्हणाले, "एकदम स्मूथ आहे."

जावई रात्रभर प्रवास करून सकाळी पोचले. आणि त्यांच्या मागून हे! न सांगता. हातात माझी शाल, "थंडी असेल म्हणून आणली." नातीला पाहून डोळे पुसले. मग मी त्यांना घरी न्यायला किल्ली काढली तर उजव्या दाराशी जाऊन उभे राहिले. म्हटलं, "तुम्ही पलीकडून बसा." बसले. पूर्ण रस्ता नुसते माझ्याकडे बघत होते. मी एवढी वाईट चालवते का?

गुरुवार, २० मार्च

व्याहींच्या उजव्या डोळ्यावरची पट्टी आज निघाली. मीच गाडीने नेलं होतं. जावयांची मीटिंग होती, आणि खरं सांगायचं तर मी मागूनच घेतलं ते काम. पिंटी बाळाला घेऊन मागे बसली होती.

डॉक्टर बाईंनी पट्टी सोडली, थेंब घातले आणि म्हणाल्या, "आता सावकाश उघडा." व्याहींनी माझा हात घट्ट धरला होता. भीतीने असेल. डोळा उघडला, पाण्याने भरला, मिटला, पुन्हा उघडला. भिंतीवरचं घड्याळ बघितलं. डॉक्टर बाईंच्या खिशातलं पेन बघितलं. मग पिंटीने बाळाला समोर धरलं.

किती वेळ बघत होते! बोट लांब केलं ते नेमकं तिच्या हनुवटीवर टेकलं. "हिला खळी आहे," ते म्हणाले. "मला कोणी सांगितलंच नाही हिला खळी आहे." तिच्या गेलेल्या आजीसारखी, एवढंच नंतर पुटपुटले. पिंटी रडत होती, मीही.

मग वळून त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"अरे बापरे विहीणबाई," ते म्हणाले, "तुमच्या आवाजावरून मी तुम्हाला चांगलं पंचेचाळिशीतलं समजत होतो!"

डॉक्टर बाई इतक्या हसल्या की दुसरा पेशंट दारात येऊन उभा राहिला. मी म्हटलं, "आता घरी चालत या." आले मात्र गाडीतच, पुढच्या सीटवर बसून, रस्त्यातली प्रत्येक पाटी मोठ्याने वाचत.